तळाखालचा तळ

९ मे

होनामी पोरी,

पत्राची सुरुवात ऋतूने करावी अशी रीत आहे, म्हणून करते. अंगणातल्या उमेच्या झाडाला आंबट हिरवी फळं धरलीत आणि माझ्याआधी कावळ्यांनी त्यांच्यावर हक्क सांगितलाय. झालं, रीत पुरी झाली.

आता बर्फाविषयी बोलू दे. मच्छीमार संस्थेच्या हॉलमध्ये तू पांढऱ्या बशीत ते बर्फाचं ढेकूळ ठेवलंस आणि काडी लावलीस, तेव्हापासून माझं कशात म्हणून लक्ष नाही. काल भाताला पाणी घालायचं विसरले. अगं, बर्फ पेटला. खालून पाणी ठिबकतंय आणि वरून ज्योत हलतेय, एकाच बशीत. जन्मभर पाण्यात बुड्या मारून अबालोन शिंपले काढले, समुद्राची सगळी सोंगं बघून झाली असं वाटत होतं. आणि हे तिथे खाली पडलेलं, माझ्या आजीच्या आजीच्याही आधीपासून, आणि समुद्राने आमच्यापाशी एका अक्षराने बोलू नये. माझ्याबरोबर बुड्या मारणारी किनुयो शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "माझा नवरा अस्साच निघेल म्हणून लग्न केलं होतं. बर्फ निघाला, पेटला मात्र कधी नाही." मागच्या रांगेपर्यंत बायका हसल्या. तुला वाटलं असेल तुला हसतायत. तसं नव्हतं.

तू म्हणालीस, बर्फात वायू कोंडलेला असतो म्हणून तो पेटतो, हे ढेकूळ प्रयोगशाळेत केलेलं आहे, खरं तिथे तळाखाली खोल आहे, आणि ते कुठवर पसरलंय हे उकरून नाही, ऐकून कळतं. जहाजाने पाण्यात हवेचा दणका द्यायचा, तो दणका तळ फोडून आत जातो आणि आतल्या थरांवर आपटून परत येतो. जहाजामागे मैलभर लांब दोर, त्याला कान लावलेले. आता बायका मला विचारतात, तोमिए, तुझी नात करते तरी काय? मी सांगते, ती समुद्राच्या तळावर टकटक करते आणि आतून कोण ओ देतं ते ऐकते. सगळ्यांना लगेच कळतं.

त्यानंतर जे झालं त्याविषयी मी काही लिहिणार नाही. तू तडक स्टेशनवर गेलीस, घरी आली नाहीस, तेही ठीक. मी तुझ्यासाठी वाटाण्याचा भात केला होता, तो आम्ही खाल्ला. म्हणजे मी खाल्ला. तुझ्या बाबाला भूक नव्हती.

एवढंच सांगते. नोगामी अध्यक्षांनी "कुणाला काही विचारायचंय का" म्हटल्यावर तुझा बाबा उठला, तेव्हा तो भांडायला उठला नव्हता. मी त्याची आई आहे, त्याची पाठ मला वाचता येते. तुझ्या जहाजाच्या तारखा भिंतीवर लावल्या होत्या, त्यात चोवीस जून होती. त्याने विचारलं, "चोवीस जूनला काय असतं?" तुला आठवण करून द्यायची होती त्याला, चारचौघांत, पण हळूच. आणि तू कागदात बघून म्हणालीस, "मंगळवार, उराता-सान."

उराता-सान. आपल्याच घरचं आडनाव, त्याला मानाचं सान लावून, जणू तो टपाल घेऊन आलेला कुणी परका माणूस. हॉलमध्ये सुई पडली असती तर ऐकू आली असती, आणि तुझ्या त्या दोराला लावलेल्या कानांची गरजही लागली नसती.

पोरी, चोवीस जून म्हणजे गोसाईचा सण. त्या दिवशी देवाचे सात शार्क नदीने वर इसोबेच्या देवळात जातात. त्या दिवशी आपल्या किनाऱ्यावरची एक बोट सुटत नाही, एक बाई पाण्यात पाय घालत नाही. लहानपणी तूच खिडकीत डोळे झाकून बसायचीस, चुकून दिसले तर काय घ्या म्हणून. आणि त्याच दिवशी तू समुद्रात दणके देणार, असं सगळ्या गावाने भिंतीवर वाचलं.

तुझा बाबा ठीक आहे. तुझ्या खोलीत त्याने जाळी ठेवलीत, पावसात भिजू नयेत म्हणून. पाऊस अजून नाही. पण येईलच की.

आजी


२३ मे

होनामी,

उमे उतरवले. मीठ लावून दडपून ठेवलेत.

तुझं पत्र पोचलं. बाबासाठी आत वेगळं काही आहे का म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं. काही पडलं नाही.

तू लिहितेस, हॉलमध्ये सगळ्यांना मी आडनावानेच बोलत होते, त्याला एकट्याला बाबा म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, हिला काय, घरचीच माणसं आहेत, हो म्हणतीलच. तुझ्या संस्थेत तसंच शिकवतात म्हणतेस. खरंच असेल. मी हे पत्र शेकोटीच्या खोपीत नेलं. पाण्यातून वर आलो की आम्ही तिथेच अंग शेकतो, तुला माहीत आहे, आणि त्या खोपीत गेलेली गोष्ट गावभर होते हेही माहीत आहे. तरी नेलं.

किनुयो म्हणाली, "पोरीचं बरोबर आहे. घरचं घरी, हॉलचं हॉलमध्ये."

साचिए म्हणाली, "बरोबर असेल. पण माझ्या लेकाने मला चारचौघांत 'बाई, आपण कोण' असं विचारलं तर मी त्याला तिथेच बुडवीन."

"तुझ्या लेकाला तू आधीच बुडवलंस, सगळं पेन्शन त्याच्या दुकानात घालून."

मग दोघी आपापल्या भांडणावर गेल्या आणि तुझा विषय मागे पडला. थोडक्यात, निम्म्या बायका तुझ्या बाजूने आहेत. निम्म्या खात होत्या.

आता खरी गोष्ट. ती लपवून काय उपयोग, तुला नोगामी-सान कळवतीलच. मच्छीमार संस्थेने ठरवलंय की तुमच्या जहाजाला राखणीच्या बोटी द्यायच्या नाहीत. राखणीच्या बोटीशिवाय जहाज आपल्या पाण्यात दोर सोडू शकत नाही, हे तूच मला समजावलं होतंस. पुढे एक बोट, मागे दोराच्या टोकाला तरंगणाऱ्या पिंपाजवळ एक, आणि कुणी मासेमार मधे आला तर त्याला वळवायचं. पुढची बोट तुझ्या बाबाची 'एबिसु-मारु' असणार होती. आता कुणाचीच नाही.

तुला वाटेल हे सगळं बाबाने केलं. नाही. तो बैठकीत एक शब्द बोलला नाही. पण तो बोलला नाही म्हणूनच बाकीच्यांनी हात वर केले. ज्याची मुलगी तोच गप्प, मग आपण कशाला पुढे व्हायचं, असं झालं.

तुझं किती अडलंय हे मला कळतं. मागच्या नवीन वर्षाला स्वयंपाकघरात बसून तू मला सांगितलं होतंस. मी म्हटलं होतं, तळाच्या आत काय आहे हे नुसतं ठोकून कसं कळेल गं? तर तू उठून मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर बोटाच्या पेराने ठोकत वरून खाली आलीस. टक, टक, टक, आणि एके ठिकाणी आवाज बदलला. "इथवर पाणी आहे, आजी." मी झाकण काढलं. तिथवरच होतं. मी आयुष्यभर त्या पिंपाला ठोकत आले, लोणचं संपलं का बघायला. हीच विद्या आहे असं कधी वाटलं नव्हतं.

मग तू टेबलावर सोय सॉसने दोन रेघा काढल्यास. दोन्ही त्या खोल घळीवरून जाणाऱ्या, जिथे तुझा बाबा बोनिटो मासा धरतो. म्हणालीस, या दोन रेघा मिळाल्या की मला कळेल, बर्फ घळीच्या दोन्ही बाजूंना एकच आहे की वेगवेगळा. इतकी वर्षं याच्यासाठी काढलीस. मी सॉस पुसला तेव्हा मला जरा वाईटच वाटलं होतं.

मी सल्ला देणारी कोण? पाच इयत्ता शिकलेली बाई. चिनी अक्षरं येत नाहीत म्हणून सगळं साध्या अक्षरांत लिहिते, तू मोठ्याने वाच म्हणजे माझा आवाज ऐकू येईल. पण एक म्हणते. इथल्या लोकांना माफीचं पत्र नको असतं. माफीच्या पत्राचं करायचं काय, ते भाजूनही खाता येत नाही. इथे काहीतरी द्यावं लागतं.

उमे तयार झाले की बरणी पाठवीन.

आजी


११ जून

होनामी,

पावसाळा लागला. जाळी खरंच भिजली असती, म्हणजे तुझ्या बाबाचं बरोबरच होतं म्हणायचं.

तुझ्या जहाजाचा नवा तारखांचा कागद नोगामी-साननी परवा सगळ्यांसमोर वाचला. तेवीसच्या संध्याकाळपासून पंचवीसच्या संध्याकाळपर्यंत जहाज आपल्या पाण्याच्या बाहेर उभं राहणार, दणका द्यायचा नाही, दोर सोडायचा नाही. नोगामी-सान चष्मा काढून म्हणाले, "एक दिवस पुरला असता. ही पोर दोन देतेय."

मला लगेच कळलं दुसरा दिवस का ते. गोसाईला सगळ्या बोटी बांधलेल्या, म्हणून पंचवीसला पहाट फुटते न फुटते तोच सगळा गाव त्या घळीवर धावतो. मासा एक दिवस निवांत राहून भुकेला झालेला असतो. तेवढ्या गर्दीत तुझा मैलभर दोर कुठे वळवणार? आणि सव्वीसला जहाजाला पुढे दक्षिणेला जायचं आहे. म्हणजे त्या दोन रेघा गेल्या. तू कागदावर त्या खोडल्या आहेस, कारण दिलं नाहीस, रडगाणं लावलं नाहीस. नुसती रेघेवर रेघ.

तू माझा सल्ला ऐकशील असं मला वाटलं नव्हतं. आणि इतका ऐकशील असं तर मुळीच नाही. दोन दिवस मला झोप लागली नाही, हे काय करून बसले म्हणून.

पण आता तुझ्या बाबाची गंमत ऐक. कागद वाचला त्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "म्हणजे दोन दिवस तिचं जहाज करणार काय?"

"उभं राहणार. गप्प."

"कशासाठी?"

"देवासाठी, म्हणे."

"देव ओळखतो का तिला?"

"देव ओळखतो. बापाचं मला माहीत नाही."

त्याने भाताचा वाडगा ठेवला आणि बाहेर गेला. पण पायात चपला उलट्या घालून गेला.

तुला तुझ्या बाबाचा स्वभाव ठाऊक आहे. शेजारच्यांनी एक मुळा दिला तर संध्याकाळच्या आत हा मासा घेऊन त्यांच्या दारात. परत जाणारं ताट रिकामं गेलं तर याला ताप भरतो. कुणाचं घेतलं की द्यायचं, आवडत्या माणसाचं असो की नावडत्या, तुझ्या आजोबांचंही असंच होतं. रागावलेल्या मुलीकडून आलं तरी आलंच. तो तीन दिवस धक्क्यावर नुसता फिरला. दोर नीट गुंडाळलेले सोडवायचा आणि परत गुंडाळायचा. मी डबा घेऊन गेले तर स्वतःशीच पुटपुटत होता, "दिवस दिला हिने. आता हा मी ठेवू कुठे?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

काल तो नोगामी-सानकडे गेला. त्यांची बायको दारामागे उभी होती, तिने मला शब्दन् शब्द सांगितला, ती कशी सांगते तुला माहीत आहे, मधे मधे चहा पीत.

तुझा बाबा म्हणाला, "पंचवीसला बोटी बांधूनच ठेवू."

नोगामी-सान म्हणाले, "इवाओ, पंचवीसला मासा उतावीळ असतो."

"एक दिवस आणखी उतावीळ होऊ दे."

"बाकीच्यांना काय सांगू? तुझ्या मुलीसाठी म्हणून?"

"माझ्या मुलीसाठी नाही," तुझा बाबा म्हणाला. "त्या जहाजाने देवाचा दिवस पाळला. त्याच्यावर एक दिवस वरचा दिला. गाव घेणार आणि तसंच बसणार?"

नोगामी-साननी दिनदर्शिकेत पंचवीसपुढे खूण केली. मग म्हणाले, "आणि राखणीला पुढे कोण?"

"माझी बोट रिकामीच असेल."

आज घरोघरी निरोप गेलाय. किनुयोच्या मुलाने कुरकुर केली, भर हंगामात एक दिवस म्हणजे काय चेष्टा आहे. किनुयोने त्याला सांगितलं, "तुला नऊ महिने पोटात ठेवलं, मी एका दिवसाचा हिशेब मागितला होता का?" नोगामी-सान तुम्हाला अधिकृत कळवतील, तू आपली मला काहीच माहीत नाही असं दाखव.

होनामी, तुझ्या दोन रेघा परत येतायत. मी आज उगीचच लोणच्याचं पिंप ठोकून आले.

आजी


२६ जून

होनामी,

कालचा अर्धा भाग तू ऐकलास. रेडिओत फक्त आवाज जातो, तोंड जात नाही. उरलेला अर्धा मी सांगते, नाहीतर तो माझ्याबरोबर जाईल.

गोसाईला आम्ही इसोबेला गेलो. तरण्या पोरांनी भातखाचराच्या चिखलात लोळून देवाच्या बांबूवरचा मोठा पंखा खेचून घेतला, भात लावणाऱ्या पोरी गाणी म्हणत होत्या, सगळं दरवर्षीसारखं. पण मला सारखं वाटत होतं, तिकडे पाण्यापलीकडे एक मोठं जहाज तोंड मिटून उभं आहे. तुझा बाबा हात जोडून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. काय मागितलं विचारलं तर म्हणाला, "हवा बरी राहू दे म्हणून."

काल पहाटे मी बोटीत चढून बसले. तो म्हणाला, "आई, हे काम आहे."

मी म्हटलं, "मीही कामालाच आलेय. समुद्रावर लक्ष ठेवायला माझ्याइतकी जुनी डोळ्यांची जोडी दुसरी कुठली मिळणार तुला?"

तेवढ्यात किनुयो आली, सोय सॉसमध्ये मुरवलेला बोनिटो भातात कालवून डबाभर घेऊन. तिला नाही म्हणणं त्याला जमलं नाही, कारण डबा तिच्या हातात होता.

आणि मग ते जहाज दिसलं. होनामी, मला वाटलं होतं मोठं असेल. पण मोठं म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं. आणि त्याच्यामागे पाण्यावर काहीच नाही, नुसता समुद्र, आणि फार मागे, दिसेनासं व्हावं इतक्या मागे, ते एक पिंप डुचमळत येतंय. मधे पाण्याखाली ताणलेला तो दोर. नुसते कान. किनुयो म्हणाली, "एवढे कान माझ्या सुनेला असते तर मी घरात श्वासही घेतला नसता."

मी बोटीच्या तळाशी गेले आणि फळीला कान लावला. तुझ्या बाबाला वाटलं मला चक्कर आली. मी हाताने गप्प केलं त्याला. आणि आला. धप्प. कानात नाही गं, दातांत. मग थोड्या वेळाने परत, धप्प. मोठं कुणीतरी फार शांतपणे दार ठोठावतंय असं. मी तिथेच पडून राहिले. मी खाली उतरायची ती एका श्वासापुरती, दहा माणसं एकावर एक उभी केली तर जेवढं होईल तेवढंसुद्धा नाही. त्यालाच मी समुद्राचा तळ म्हणत आले. आणि हा दणका त्या सगळ्याला ओलांडून, अंधार ओलांडून, खऱ्या तळाच्याही आत जाऊन तिथल्या बर्फाला हात लावून परत येतोय, आणि मी भाताच्या डब्याशेजारी आडवी पडून ते ऐकतेय. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. किनुयो म्हणाली, "हिला खरंच चक्कर आलीय."

मग रेडिओ. "एबिसु-मारु, एबिसु-मारु, हे शिरानामी." तुझं जहाज, आणि तुझाच आवाज. आपली बोली येते म्हणून तुला बसवलं असणार. तुझा बाबा ताठ झाला. मी पाहिलं, त्याने टोपी काढली आणि परत घातली.

तू म्हणालीस, "पुढे दोन मैलांवर एक नौका दिसते. कृपया वळवावी, उराता-सान."

तो म्हणाला, "समजलं, उराता-सान."

किनुयोने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. दिवसभर तेच. पिंप डावीकडे सरकतंय, उराता-सान. पाहिलं, उराता-सान. वळण घेतोय, उराता-सान. घ्या, उराता-सान. शेवटी किनुयो म्हणाली, "मी तिसरी उराता आणून मधे बसवू का? ही माझ्या शेजारी एक पडलीय."

ती दोन मैलांवरची नौका बाहेरगावची होती. त्या माणसाने जाळीवरून तक्रार केली, इथे एवढं काय चाललंय म्हणून. तुझ्या बाबाने बोट त्याच्या नौकेला भिडवली. मला वाटलं आता रागावेल. तो म्हणाला, "खाली माणसं ऐकतायत. जरा हळू." एवढंच. तो माणूस कल्ला न करता लांब गेला.

दुसरी रेघ संपली तेव्हा ऊन कलत होतं. तू म्हणालीस, "एबिसु-मारु, हे शिरानामी. काम पूर्ण झालं. सहकार्याबद्दल मनापासून आभारी आहोत."

मग रेडिओवर नुसती खरखर झाली, ती तुला ऐकू आली असेल. ती यंत्राची नव्हती. तो बटण दाबत होता आणि सोडत होता. दाबायचा, तोंड उघडायचा, सोडायचा. किनुयो म्हणाली, "बोल की मेल्या, तिकडे जहाज निघालं." मी तिला चिमटा काढला. त्याने बटण दाबलं आणि म्हणाला, "होनामी. मिळालं का तुला हवं होतं ते?"

आणि तू म्हणालीस, "मिळालं, बाबा. दोन्ही."

तू ते म्हटल्यावर बटण सोडून दिलंस, म्हणून तुला पुढचं माहीत नाही. तो सुकाणू धरून उभा राहिला, पाठ आमच्याकडे करून, आणि बोट हळूहळू गोल फिरायला लागली, कारण त्याला कुठे जायचं तेच सुचत नव्हतं. आम्ही दोघींनी तोवर डबा संपवला.

आजी


२१ जुलै

होनामी,

उमे उन्हात वाळवून परत बरणीत भरले. यंदाचे लाल छान झालेत.

तुझं लांबलचक चित्र आलं. टेबलावर मावेना म्हणून खाली तातामीच्या चटईवर पसरलं. आधी मला काहीच कळलं नाही, काळ्या पांढऱ्या केसांसारख्या रेघाच रेघा. मग मी तू लिहिल्याप्रमाणे वरून बघत आले. ही वरची जाड रेघ समुद्राचा तळ. ही उतरते ती घळ, ही पलीकडे चढते. आणि त्याच्या खाली, बरंच खाली, दुसरी रेघ, तळ उतरला तिथे उतरणारी, चढला तिथे चढणारी. तळाखाली आणखी एक तळ.

किनुयो बघायला आली होती, ती मागे सरकली. म्हणाली, "ही तोमोकाझुकी आहे." ढगाळ दिवशी पाण्यात आपल्यासारखीच दिसणारी एक बाई भेटते, तसेच कपडे, तसंच तोंड, आणि शिंपला पुढे करून खाली बोलावते, तिच्याविषयी तुला लहानपणी मी सांगितलं होतं. तिचा शिंपला घ्यायचा नाही. मी किनुयोला म्हटलं, अगं ही बोलावत नाहीये, ही फक्त सोबत करतेय.

तू लिहिलंयस, वरच्या थरात गार असतं म्हणून बर्फ टिकतो, खाली ऊब असते म्हणून नुसता वायू, आणि दोहोंच्या सीमेवरून प्रतिध्वनी उलटा होऊन येतो, पाण्यातल्या सावलीसारखा. आणि तळ वाकला की ऊबही तशीच वाकते, म्हणून ती रेघ तळाची नक्कल करते. हे मी तीनदा वाचलं. पृथ्वीची ऊब पांघरुणासारखी वाकते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? कुणाला ठाऊक होतं?

आणि घळीच्या दोन्ही बाजूंना ती एकच आहे. मधे तुटलेली नाही. तेवढं मला चष्म्याशिवायही दिसलं.

तुझा बाबा धक्क्यावरून आला आणि दारातच थांबला. बूट काढायला इतका वेळ मी त्याला कधी लागलेला पाहिला नाही. मग गुडघ्यांवर बसला आणि बोट ठेवून घळ शोधली. मला म्हणाला, "हा उतार मला माहीत आहे. इथे दोर नेहमी तिरपा जातो." मग बोट खाली नेलं, दुसऱ्या रेघेवर, आणि त्या रेघेवरून हळूहळू सरकत गेला, गुडघ्यांवरच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वाटेत मी बसले होते, तर मला बाजूला सरकवलं.

"एवढे दिवस आपण याच्या वर होतो," तो म्हणाला.

"तुझे आजोबाही होते," मी म्हटलं.

"त्यांना माहीत असतं तर..." एवढं म्हणून त्याने बोट परत घळीवर नेलं.

जाळी तुझ्या खोलीतून काल हलवली. पाऊस संपला म्हणून. ओबोनला, गेलेली माणसं घरी येतात त्या दिवसांत, दिवा लावायला तू येशील ना, आजोबांना आणि तुझ्या आईला, हे मी विचारणार होते. पण तुझ्या बाबाने पेन मागून घेतलंय. त्याला पत्र लिहिता येत नाही, मला येतं त्याहूनही कमी येतं. तरी खाली लिहिलेलं त्याचं आहे, मी एक अक्षरही सुचवलेलं नाही.

आजी

होनामी, ही रेघ पूर्वेला कागदाच्या कडेला संपते. ती तिथे खरंच संपते, की कागद संपतो? पत्रातून कळवू नकोस. येऊन दाखव. पुढचं पाणी मला माहीत आहे.
बाबा